कॉलरच्या चार बोटं वर

“हलू नकोस,” अनू म्हणाली. “तुझ्या पाठीवर केस पडलेत. कापलेले.”

मी आरशासमोर उभी होते. सकाळचे सहा वीस झाले होते आणि साडेसहाला इन्स्पेक्शन होतं. अनूने माझ्या पांढऱ्या कॉलरवरून चिमटीत एक तुकडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बोटाच्या दोन पेरांएवढा होता. मग दुसरा सापडला, मग चार-पाच एकदम. सगळे काळेभोर आणि वळलेले, म्हणजे माझेच. आमच्या बॅचमध्ये कुरळे केस माझ्या एकटीचे होते.

“गळालेले असतील,” मी म्हणाले.

“गळालेला केस लांब असतो की गं. हे बघ, सगळे आखूडच हाईत. कुणाचं तरी काम हाय हे.”

अनसूया चौगुले, म्हणजे अनू, शिरोळकडची. जगात एखादी गोष्ट आपोआप घडते यावर तिचा विश्वासच नव्हता. मेसमधली आमटी पातळ झाली तरी त्यामागे तिला कुणाचा तरी हात दिसायचा. मी एरवी तिची थट्टा करायचे. त्या सकाळी केली नाही, कारण केस माझे होते.

आमच्या खोलीत तिसरी कॉट फुलाची होती. ती बुटाची नाडी बांधत होती. अनूचं बोलणं ऐकून तिने मान वर केली, त्या तुकड्यांकडे नीट पाहिलं आणि पुन्हा नाडी बांधायला लागली. दुसरी कुणी असती तर उठून “बघू, बघू” म्हणत जवळ आली असती. फुला एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. कृष्णाकाठच्या एका गावातलं सत्तर खाटांचं हॉस्पिटल, त्याला जोडलेली नर्सिंगची शाळा आणि मागे आमचं हॉस्टेल. आम्ही पहिल्या वर्षाला होतो. दोन महिन्यांनी कॅपिंग होतं, म्हणजे डोक्यावर पांढरी टोपी चढायची होती, आई कऱ्हाडहून येणार होती. टोपी बसायला अंबाडा लागतो, आणि अंबाड्याला केस लागतात.

आमच्या सिस्टर ट्यूटर परुळेकर. बाई शिस्तीची होती हे सांगायला नको, पण तिची शिस्त मोजून असायची. अंबाडा कॉलरच्या चार बोटं वर, घट्ट, एकही बट बाहेर नको. रोज सकाळी आम्हांला रांगेत पाठमोरं उभं करून ती प्रत्येकीच्या मानेवर आपली चार बोटं आडवी ठेवायची. थंड बोटं असायची. अंबाडा बोटांच्या खाली आला की मुलगी रांगेतून बाहेर.

सरळ केसांच्या मुलींचं ठीक होतं. माझे केस ओले असले की कमरेपर्यंत यायचे आणि वाळले की खांद्यावर येऊन बसायचे, तेही चारी दिशांना तोंडं करून. ते मुठीत यायचे फक्त ओले असताना. म्हणून मी रोज पाच वाजता डोक्यावरून बादली ओतून घ्यायचे, बारीक दातांचा कंगवा वरून खाली खसाखसा ओढायचे, आणि पाणी टपकत असतानाच रबर लावून अंबाडा आवळायचे. डोळे ताणले जाईपर्यंत आवळायचे. संध्याकाळी सोडला की आतले केस अजून ओले असायचे आणि त्यांना फडक्यासारखा कुबट वास यायचा. याबद्दल मला काही वाटायचं नाही. परुळेकर सिस्टर माझ्या मानेवर बोटं ठेवून “छान” म्हणायच्या, तेवढं पुरे होतं.

आठवडाभरात आणखी तीन मुलींच्या कॉलरवर तुकडे सापडले. तिघींचेही केस दाट. आणि अनूने आपल्या पोलिसी डोक्याने शोधून काढलं की चौघींचेही केस डोक्याच्या एकाच जागी आखूड झालेत. मानेपासून चार बोटं वर. तिथे हात फिरवला की खुंट लागायचे.

“एकच हात,” अनू म्हणाली. “एकाच उंचीवर चालतोय.”

“पण कधी कापेल कुणी? आपल्याला कळणार नाही होय?”

“झोपल्यावर तू किती शुद्धीत असतीस ते मला विचार. आणि कात्री सगळ्यांच्या किटमध्ये हाय.”

हे खरं होतं. किटमध्ये थर्मामीटर, चिमटा आणि टोकदार कात्री प्रत्येकीला मिळाली होती. मी त्याच दिवशी माझी कात्री ट्रंकेत तळाशी ठेवून कुलूप लावलं. चोराने माझ्याच कात्रीने माझे केस कापू नयेत, एवढीच माझी हुशारी.

माझी आई केसांच्या बाबतीत फार कडक. विंचरलेले केस बोटाला गुंडाळायचे, त्यावर तीनदा थुंकायचं, मगच टाकायचे. नाहीतर कुणाच्या हाती लागून काय होईल सांगता येत नाही, असं ती म्हणायची. शिकलेली नर्स होणार म्हणून मी हॉस्टेलला आल्यावर थुंकणं सोडलं होतं. त्या आठवड्यात पुन्हा सुरू केलं.

संशय एकदा बसला की त्याला बसायला पाट लागत नाही. मी आणि अनू फुलावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागलो, आणि जे दिसेल ते संशयाचंच दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे तिचे स्वतःचे केस. गुडघ्याला टेकणारी वेणी, शेंड्यापर्यंत सारखी जाड. सगळ्यांचे तुटतात आणि हिचेच कसे नाहीत? सकाळी आंघोळीला जाताना ती डोक्याला फडकं बांधायची, पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. रविवारी दुपारी तेवढी न्हायची आणि मग तासन्‌तास गच्चीवर एकटीच बसून राहायची. अंबाडा घालायची तोही कसा, तर सैल वेणी आधी, मग तिची गुंडाळी, आणि रबराच्या जागी ड्रेसिंगच्या पट्टीची चिंधी. परुळेकर सिस्टर दोनदा तिच्यावर ओरडल्या होत्या. ती “हो सिस्टर” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी.

दुसरं म्हणजे तिची नजर. ती माणसाशी बोलताना तोंडाकडे बघायची नाही, भांगाकडे बघायची.

तिसरं मी स्वतः पाहिलं. एका सकाळी मी साबण विसरले म्हणून न्हाणीघरात परत गेले, तर फुला मोरीपाशी उकिडवी बसली होती. जाळीवर अडकलेले केस ती बोटांनी वेचत होती. मला बघून तिने मूठ मिटली.

“काय करतीस गं?”

“जाळी तुंबली व्हती,” ती म्हणाली.

“मग टाक की ते बाहेर.”

“टाकते,” ती म्हणाली, आणि मूठ तशीच मिटून निघून गेली.

हे मी अनूला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. “केसावर करणी करत्यात,” ती म्हणाली. शास्त्राच्या वहीत आदल्याच दिवशी आम्ही जंतूंची चित्रं काढली होती. तरी माझ्या अंगावर काटा आला.

मग मला ताप आला. पाच दिवस मी सिक रूममध्ये होते. केस मोकळे, पाण्याचा स्पर्श नाही, रबर नाही. आणि पाच दिवसांत उशीवर एकही तुकडा पडला नाही. फुलाची ड्युटी चादरी बदलायची होती. ती आली, माझी उशी उचलून तिने अभ्रा झटकला, वाकून चादर निरखली, पुन्हा झटकली. काही सापडलं नाही असं तोंड करून ती गेली.

मी पडल्या पडल्या निष्कर्ष काढला. सिक रूमला आया बसलेली असते, म्हणून हिला इथे माझ्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून केस शाबूत. मला केवढा आनंद झाला होता त्या निष्कर्षाचा. आजही तो आनंद आठवला की मी एकटी असले तरी मान खाली घालते.

बरी होऊन खोलीत आले. पहिल्याच सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं, पाच दिवसांचा गुंता ओल्यावरच विंचरला, अंबाडा आवळला. दुपारी कॉलरवर तुकडेच तुकडे. अनू नुसती माझ्याकडे बघत राहिली. ‘आलीस ना तिच्या तावडीत परत,’ असं तिला म्हणायचं होतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी गेटवर आरोळी आली.

“केसांवर भांडीऽऽ”

एक बाई होती, नऊवारी नेसलेली, डोक्यावर पाटी आणि पाटीत स्टीलची भांडी चमकत होती. अशा बाया आमच्या कऱ्हाडात यायच्या. बायका वर्षभर विंचरलेले केस भिंतीच्या फटीत साठवून ठेवायच्या आणि त्यावर एखादी वाटी नाहीतर गाळणी घ्यायच्या. आई मात्र कधी देत नसे. मी वरच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होते. बघते तर फुला मागच्या दाराने निघून कुंपणाच्या कडेकडेने गेटपाशी गेली. इकडे तिकडे बघितलं, पदराआडून एक कापडी पिशवी काढून त्या बाईला दिली. बाईने तिच्या गालावरून हात फिरवला. फुलाने तो हात घाईघाईने बाजूला केला आणि पळत परत आली.

फुलाने आम्हांला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की तिच्या घरचा भांड्यांचा धंदा आहे. आम्ही समजलो होतो बाजारपेठेत दुकान असेल.

“कोण गं ती बाई?” मी जिन्यात गाठून विचारलं.

“कुठली?”

“गेटवरची.”

“पत्ता विचारत व्हती,” फुला म्हणाली.

एवढं धडधडीत खोटं माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. आता मला काही शोधायचं उरलं नव्हतं. केस कोण कापतं, कशासाठी कापतं आणि कुठे जातात, सगळं जुळलं होतं.

शनिवारी फुला ओपीडीत असताना आम्ही तिची ट्रंक उघडली. तिला कुलूप नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती, पण मी ती गिळून टाकली आणि पुढे कुणाला आपण होऊन सांगितलीही नाही.

वर दोन साड्या, त्याखाली पाठ्यपुस्तक, त्याखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात वहीच्या कागदाच्या पुड्या, औषधाच्या असतात तशा. प्रत्येकीवर बारीक अक्षरात नाव, माझं आणि त्या तिघींचं. कुंदा, सोमवार. कुंदा, मंगळवार. सुमित्रा, मंगळवार. कुंदा म्हणजे मी; माझ्या नावाची एक पुडी उघडली. आत माझे तुकडे.

“देवा,” अनू म्हणाली, आणि तिने हात पदराला पुसले.

डबा घेऊन आम्ही थेट परुळेकर सिस्टरांच्या खोलीत गेलो. बोलले मी. अनू नुसती मान हलवत होती. मी मोरीचं सांगितलं, गेटवरच्या बाईचं सांगितलं, सिक रूमचंही सांगितलं. सिस्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, “हे खरं निघालं तर तिला आजच घरी पाठवावं लागेल. तुला कळतंय ना कुंदा, काय बोलते आहेस ते?”

“हो सिस्टर,” मी म्हणाले. कळत होतं. फुला तिच्या वस्तीतली पहिली मुलगी होती जी दहावीच्या पुढे आली होती, हे तिने एकदाच, दिवाळीच्या सुट्टीत सगळे गेल्यावर आम्ही दोघी राहिलो होतो तेव्हा मला सांगितलं होतं. तरी मी हो म्हणाले.

चार वाजता फुलाला बोलावलं. टेबलावर पांढरा इनॅमलचा ट्रे होता आणि त्यात तिचा डबा. तिने डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. अनूकडे नाही, माझ्याकडे.

“हे काय आहे?” सिस्टरांनी विचारलं.

“केस.”

“कुणाचे?”

“नाव लिवलंय सिस्टर, सगळ्यांवर.”

“काल गेटवर आलेली बाई कोण?”

  मला वाटलं, फुला आता रडेल. ती रडली नाही. पदर नीट करून म्हणाली, “माझी आई.”

“ती केस गोळा करते?”

“व्हय. माझी आजी बी करायची. आम्ही समदीच. केस आणायचे, निवडायचे, धुवायचे, मग त्याची वेणीत घालायची गंगावनं व्हत्यात. हितं मोरीत लई केस वाया जातो, म्हणून तो मी धुऊन आईला देते. टाकलेलाच देते.”

“आणि हे?” सिस्टरांनी पुडीवर बोट ठेवलं. “हे कापलेले तुकडे?”

“कापलेले न्हाईत सिस्टर. तुटलेले हाईत.” ती एक पाऊल पुढे आली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला. “असला तुकडा आईला दिला तर ती माझ्या तोंडावर मारंल. वीतभराच्या आतला केस आमच्यात कुणी घेत न्हाई. पोतंभर न्या, एक चमचा मिळायचा न्हाई. कापायचाच असता तर मी मुळात धरून वेणी कापली असती. मधनं दोन बोटं तुकडा कापून मी काय करू?”

 अनूने माझ्याकडे पाहिलं, मी ट्रेकडे.

“मग साठवलेस कशाला?”

“कुणाचा कवा तुटतोय ते बघायला. कुंदा रोज डोईवरून पाणी घेती, तिचा समद्यात जास्त. सुमित्रा एकाआड एक दिस न्हाती, तिचा त्याच दिसांना. रविवारी केस मोकळा असतो, रविवारची पुडीच न्हाई बघा. कुंदा तापानं पडली तवा पाच दिस मी उशी झटकून बघितली. एक तुकडा न्हवता. तवा माझी खात्री पटली.”

 तोच पुरावा होता, तीच उशी. मी तो तासाभरापूर्वी याच खोलीत तिच्याविरुद्ध वापरला होता.

“ओला केस लई कच्चा,” फुला सांगत होती. “ताणला की रबरावानी लांबतो, वाळायला लागला की आखडतो. ह्या त्याला ओलाच ताणून आवळत्यात. आत आखडायला जागा न्हाई. मग जिथं रबर असतं तिथं तुटतो, आन्‌ तुटलेल्याचे कंगव्याखाली आणखी तुकडे पडत्यात. कुरळ्याला तर जागोजागी वळणं, तो आधी जातो.”

परुळेकर सिस्टरांनी खणातून भिंग काढलं, इंजेक्शनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचं. मग अनूला जवळ बोलावून तिच्या वेणीच्या शेंड्याचा एक केस कात्रीने कापला आणि माझ्या तुकड्याशेजारी ट्रेमध्ये ठेवला. बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. शेवटी भिंग माझ्याकडे दिलं.

मला आधी दोन्ही सारखेच दिसले. मी डोळा पुसून पुन्हा पाहिलं. अनूच्या केसाचं टोक सपाट होतं, सुरीने छेद घेतल्यासारखं. माझं टोक जुन्या केरसुणीसारखं फाटलेलं होतं. दुसरा तुकडा पाहिला, तोही तसाच. सहा पाहिले. मग भिंग खाली ठेवलं.

“अंबाडा सोड,” सिस्टर मला म्हणाल्या.

सकाळी साडेपाचला बांधलेला अंबाडा होता. मी रबर ओढलं, ते केसांत अडकलं, आणखी ओढलं. तडतड आवाज माझ्याच डोक्यात ऐकू आला. रोज येत असणार, मी कधी ऐकला नव्हता. ओल्या केसांचा तो कुबट वास खोलीत पसरला आणि ट्रेमध्ये तुकडे पडले. सिस्टर उठल्या. माझ्या मागे येऊन त्यांनी रोजच्यासारखी चार बोटं माझ्या मानेवर आडवी ठेवली. बोटांच्या वरच्या कडेला बरोबर खुंट होते. बोटं बराच वेळ तिथेच राहिली.

“माप माझंच आहे,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

मग फुलाकडे वळल्या. “आधी का बोलली नाहीस गं? महिना झाला.”

“बोलले असते तर तुमी इचारलं असतं, तुला कसं म्हाईत.”

 सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो तिच्या हातात दिला. “ट्रंकेला कुलूप होतं?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. माझ्या आधी फुलाच म्हणाली, “मी लावत न्हाई. कुलूप लावलं की लोक इचारत्यात, आत काय हाय.”

तिला घरी पाठवलं नाही. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्टेलला कळलं होतं की फुलाची आई केसांवर भांडी देते. जे लपवायला तिने महिनाभर तोंड मिटून ठेवलं, ते मी एका दुपारी चव्हाट्यावर मांडलं. मेसमध्ये ती आली तेव्हा दोघी-तिघी हसल्या. एकीने आपली वेणी मुद्दाम पुढे घेतली. फुलाने ताट घेतलं आणि जेवली. मी तिच्यासमोर बसले होते. माफी मागायची म्हणून मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा “भात घेणार का?” असं विचारलं.

दुसरा दिवस रविवार. परुळेकर सिस्टरांनी सगळ्या बॅचला दुपारी न्हाऊन गच्चीवर यायला सांगितलं. स्वतःही आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. “फुला दाखवेल तसं करायचं,” एवढंच म्हणाल्या. हसणाऱ्या दोघी-तिघींचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते.

फुला आधी अडखळली. मग एकेकीला पुढ्यात घेऊन बसवायला लागली आणि तिचे हात बोलायला लागले. पंच्याने झटकायचं नाही, जुन्या सुती कापडात दाबून पाणी काढायचं. गुंता आधी बोटांनी सोडवायचा. मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही शेंड्यापासून थोडा थोडा वर. शेंड्यांना खोबरेलाचं बोट. केस ओलसर झाला, टपकायचा थांबला, की सैल वेणी, आणि चिंधीने बांधायची. “वेणीत करंगळी गेली पाहिजे,” ती प्रत्येकीला म्हणत होती. रोज डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. घाईत ओले बांधावेच लागले तर मानेपाशी खाली, आवळायचं नाही, आणि संधी मिळाली की सोडायचे. सिस्टर सगळं ऐकत होत्या. चार बोटांचा नियम त्या दिवसानंतर मी पुन्हा पाहिला नाही.

मी सगळ्यांत मागे बसले होते. एकेक उठून गेली, अनूही गेली. तिची वेणी बघून मी ओळखलं की अनूला हे पटलंय, आणि ते तिला अजिबात आवडलेलं नाही. सिस्टर खाली गेल्या. गच्चीवर आम्ही दोघी उरलो.

“ये,” फुला म्हणाली.

मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून. तिने माझे केस हातात घेतले. तळहातावर घेऊन वजन बघितल्यासारखं केलं. बोटांनी गुंता सोडवायला लागली आणि मला अजिबात दुखलं नाही. लहानपणापासून केस विंचरताना न दुखणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं.

“फुला,” मी म्हणाले, “मी जे केलं—”

“शेंडे समदे फाटलेत,” ती म्हणाली. “फाट वर चढंल. कापाय लागत्याल. दोन बोटं तरी.”

“काप.”

“माझी कात्री सिस्टरांकडं हाय. काल तपासायला घेतली ती दिलीच न्हाई अजून. तुझी आण.”

मी खाली गेले. ट्रंकेचं कुलूप काढलं. तळाशी, आईने दिलेल्या शालीत गुंडाळून, मी फुलापासून लपवलेली कात्री होती.  जिना चढताना मी ती मुठीत लपवली, मग मला लाज वाटली आणि उघडी धरली.

फुलाने कात्री घेतली. शालीचे दोन लाल धागे तिला चिकटले होते. तिने ते बघितले, एकेक करून काढले. तिला सगळं कळलं होतं.

मी पुन्हा पाठ करून बसले. मानेवर कात्रीचं थंड पातं लागलं. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, माझे खांदे आपोआप वर आले. एवढं सगळं कळल्यावरसुद्धा. तिलाही ते दिसलं असणार, कारण कात्री थांबली.

“मान हलवू नको,” ती म्हणाली.

मी खांदे खाली सोडले आणि डोळे मिटले. कात्री चालायला लागली.

झाल्यावर तिने सैल वेणी घातली, चिंधीने बांधली, आपली करंगळी आत घालून बघितली. मग जमिनीवर पडलेले शेंडे गोळा केले, वहीच्या कागदात घातले आणि पुडी नीट बांधली. मला वाटलं, डब्यात ठेवेल. तिने ती माझ्या हातात दिली.

“हे कापलेले,” फुला म्हणाली. “ठेव जपून. पुढल्या येळी बघायला बरं.”